मुलांवर ओरडून घरी येते आणि रात्री रडू येतं. अंगणवाडीतल्या ताईंनो, तुम्ही कसं निभावता?

प्रश्न – अंगणवाडी सेविका, बार्शी तालुका

नमस्कार. चौदा वर्षं सेविका आहे. पटावर तीन ते सहा वयाची २८ मुलं. शिवाय टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) घेणारी लहान बाळं, गरोदर आणि स्तनदा माता.

गेल्या गुरुवारी जेवणाच्या वेळी मी दारात टीएचआरच्या पडताळणीसाठी एका बाईचा चेहरा मोबाइलवर घेत होते, तिसऱ्यांदा. ओटीपी तिच्या नवऱ्याच्या फोनवर जाणार, नवरा पुण्याला कामावर, फोन उचलेना. बाहेर अजून सहा बायका उन्हात उभ्या. तेवढ्यात आत ताटली पडल्याचा आवाज आला. चार वर्षांच्या एका पोराच्या हातून खिचडी सांडली होती. मी दारातूनच इतक्या जोरात ओरडले की सगळी पोरं गप्प झाली. ते पोरगं खाली बसलं, एकेक शीत उचलून ताटलीत टाकायला लागलं, आणि प्रत्येक शितागणिक माझ्याकडे बघत होतं.

तेव्हापासून ते माझ्याजवळ येत नाही. मदतनीस ताईंच्या पदराला धरून असतं.

मी अशी नव्हते. सुरुवातीला चिंध्यांच्या बाहुल्या घरी शिवून न्यायचे, चिंचोके रंगवून मोजायला द्यायचे. आता रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. घसा कायम बसलेला. रेंज रात्री येते म्हणून जेवणं झाल्यावर नोंदी भरत बसते. मालक म्हणतात, सोडून दे. पण मला सोडायचं नाही, मला पहिल्यासारखं व्हायचंय. कुणी यातून बाहेर आलं असेल तर नेमकं काय बदललं ते सांगा. ‘योगा करा’ एवढंच नको.

उत्तर – निवृत्त सेविका, डहाणू

बाळा, आधी त्या पोराचं बघ. उद्या त्याला जवळ घे आणि सांग, ‘ताईचं चुकलं, मी ओरडायला नको होतं.’ मग ताटल्या वाटायचं काम त्यालाच दे. मुलं विसरत नाहीत, पण माफ लवकर करतात. मी एकतीस वर्षं हे पाहिलंय.

आता तुझं. आमच्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वाडीवर जाऊन, अंगणात मुलं जमवून बालवाडी भरवली. १९४५ ला बोर्डीत सुरू झालेलं ते काम. तिथून मी एवढंच घेतलं की मुलं समोर असताना बाई मुलांचीच. नंतर पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदी भरायचं सरकारी ॲप आलं, २०२१ साली तर सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत करण्याच्या आंदोलनात मीही होते. फोन पुढेही सुटला नाही. तेव्हा मी एक केलं : मुलं आली की पहिले दोन तास फोन तांदळाच्या कोठीवर, आवाज बंद. हजेरीचा फोटो काढला की थेट कोठीवर. टीएचआरचं वाटप मुलं घरी गेल्यावर, तेही वस्तीप्रमाणे वार ठरवून. पहिला महिना बायका कुरकुरल्या. मग त्यांनाच बरं वाटलं, ताटकळायला लागत नव्हतं.

आणि घसा जप. खंजिरी घे. दोन थापा म्हणजे गोल करून बसायचं, एक लांब खुळखुळाट म्हणजे हात धुवायला चला. आठवड्यात पोरं शिकतात. माझं निम्मं ओरडणं तिथेच थांबलं. थकवा नुसता कामाचा नसतो गं, स्वतःचाच चढलेला आवाज दिवसभर ऐकण्याचाही असतो.

उत्तर – पर्यवेक्षिका, मराठवाडा

ताई, तुमच्यासारख्या सेविकांकडे नोंदी मागणारी मीच असते, म्हणून लिहिताना संकोच वाटतो. तरी लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची नोंद घेतली, ती कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. म्हणजे हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. मग उपायही एकट्या तुमच्या मनाने करून पुरणार नाही. एक वही करा. अंगणवाडीबाहेरचं कोणतं काम कोणत्या तारखेला आलं, किती तास गेले, त्या वेळी मुलांकडे कोण होतं, एवढंच लिहा. शेजारच्या चार-पाच सेविकांनाही लिहायला सांगा आणि बीटच्या (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या) बैठकीत सगळ्यांच्या सह्यांनी द्या. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो. माझ्याकडे असा सह्यांचा कागद आला, तेव्हाच मला वरिष्ठांसमोर तो ठेवून बोलता आलं आणि सर्वेक्षणाची मुदत वाढवून घेता आली.

हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्या. आपण गावभर बायकांना सांगतो, स्वतः जात नाही. रडू थांबतच नसेल, झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

उत्तर – खासगी बालवाडी, पुणे

आमच्याकडे टीएचआर नाही, पण पालकांचे मेसेज रात्री अकरापर्यंत. डबा का संपला नाही, फोटोत आमची का दिसत नाही. आम्ही तिघी मिळून मुख्याध्यापिकांकडे गेलो, आता साडेपाचनंतर ग्रुप बंद असतो. शिवाय रोज दहा मिनिटं आळीपाळीने एकीला वर्गातून सुटका. त्या दहा मिनिटांत मी काहीच करत नाही, पायरीवर बसून चहा पिते. तुमच्या मदतनीस ताईंशी असं ठरवता येईल का?

पुन्हा प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. डहाणूच्या ताई, तुमचं वाचून कालच त्याच्यासमोर बसून बोलले. तो काही बोलला नाही. ताटल्या मात्र वाटल्या, आणि शेवटची माझ्यापुढे आणून ठेवली. मदतनीस ताई अकराला मला दहा मिनिटं सोडायला तयार आहेत, त्यांना मी साडेअकराला सोडीन. वही आजपासून सुरू, शेजारच्या दोघी हो म्हणाल्यात. वाटपाचे वार वस्तीवर सांगायला शनिवारी जाणार आहे.

खंजिरी बार्शीच्या बाजारात मिळेल का? लहान हवी, पोरांनाही वाजवता येईल अशी.