अंगणातल्या वाफ्यात बियांपासून कांदा

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
अंगणातल्या छोट्या वाफ्यात यंदा उन्हाळ कांदा बियांपासूनच घ्यावा, अशी फार इच्छा आहे. गेल्या वर्षीचे उळे (कांद्याचे बी) डब्यात शिल्लक आहे. ते वापरावे का, आणि केव्हा टाकावे? सांबारचे लहान कांदेही असेच येतात का?

उत्तर (निफाड):
ताई, कांद्याच्या बियांची उगवणक्षमता वर्षभरातच झपाट्याने घटते, म्हणून उळे ताजेच घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) ओळींत, १ ते १.५ सेंटिमीटर खोल टाकून चाळलेल्या शेणखताने झाकावे आणि झारीने पाणी द्यावे. पाणी साचून राहिले की रोपांचे बूड मऊ पडते आणि ती जागीच कोलमडतात; या मर रोगाकडे माझ्या मते सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. ६ ते ८ आठवड्यांनी रोपे १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. एन-२-४-१ हा वाण साठवणीत चांगला टिकतो.

उत्तर (सिन्नर):
सांबारचे कांदे बहुधा कंदांपासूनच लावतात. पातीवर चंदेरी ओरखडे दिसल्यास पानांच्या बेचक्यात फुलकिडे शोधावेत. निम्म्या कांद्यांची पात मानेशी वाकून आडवी पडली की काढणी करावी, मात्र त्याआधी दोनेक आठवडे पाणी तोडावे.