माजी विद्यार्थ्यांचा ख्रिस्ती मनन-गट : उपवासकाळात कसा चालवावा?

माजी_बॅच_बेळगाव (प्रश्न)
शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) 8 बैठकांचा मनन-गट काढायचा आहे. 11 नावं आलीत, वय 28 ते 45. सात जण बेळगाव-खानापूरचे, एक निपाणीचा, तिघं पुण्यात. बहुतेक कॅथलिक, दोघं मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथाचे). कुणाच्या घरी कोंकणी, कुणाच्या मराठी. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर दीड तास मिळेल. पुण्याच्यांना व्हिडिओ कॉलवर जोडून घ्यावं का? निवृत्त सर गट चालवायला तयार आहेत, त्यांनाच सांगावं का?

उद्यमबाग_कोपरा
आधी कॅलेंडर बघा. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) ते ईस्टर यांत 6 रविवार येतात, त्यातला शेवटचा झावळ्यांचा (पाम संडे). त्या दिवशी कुणी थांबणार नाही. म्हणून एक बैठक राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी, मग 5, झावळ्यांचा आणि ईस्टरचा रविवार सोडून पुढे 2. झाल्या आठ. मार्च-एप्रिलात दहावीची परीक्षा असते, मुलं त्या वयाची असतील तर आधीच विचारून ठेवा.

बेळगावचा गट 8 जणांचा, त्याहून एकही जास्त नको. हिशेब असा: जमून शांत होणं 8 मिनिटं, बायबलचा उतारा दोनदा वाचून मौन 15, पहिली फेरी माणशी 3 म्हणजे 24, मौन 5, दुसरी फेरी माणशी 2 म्हणजे 16, पुन्हा मौन 2, प्रार्थना 10, पुढच्या उताऱ्याचा कागद वाटणं 5. एकूण 85. उरलेली 5 उशिरा येणारा खातोच. 11 जण बसवले तर नुसत्या फेऱ्यांनाच 15 मिनिटं जास्त लागतात आणि कात्री लागते ती मौनाला.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने आठवडाभराच्या प्रार्थनेत काय झालं तेवढंच सांगायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, "माझंही अगदी असंच" नाही. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच्या बोलण्यातलं आपल्याला काय भिडलं ते. इथेच गट घसरतो, लोक पुन्हा स्वतःचंच सांगायला लागतात. ऑक्टोबर 2023च्या रोमच्या सिनडमध्ये (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेत) गोल टेबलांवर याच धर्तीचा संवाद झाला होता.

सरांना समन्वयक करू नका. त्यांचा मान वेगळा, पण ते समोर बसले की चाळिशीचा माणूसही बरोबर उत्तर शोधायला लागतो. कागद तयार करायचं काम त्यांच्याकडे द्या. समन्वयक दोन ठेवा: एक घड्याळ बघणारा, एक फेरी चालवणारा.

खानापूर_रोड
रविवारची बैठक म्हणजे निम्मंच काम. घरी रोज 20 मिनिटं प्रार्थना आणि रात्री 10 मिनिटं आत्मपरीक्षण, हे नसेल तर रविवारी बोलायला काही उरत नाही. मग शाळेच्या आठवणी निघतात आणि गटाचं स्नेहसंमेलन होतं.

आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने आठवणं, क्षमा मागणं, उद्यासाठी कृपा मागणं. बहुतेक जण थेट चौथ्यावर उडी मारतात आणि रोज चुकांची यादी काढतात. आठवड्याभरात कंटाळा येतो. पहिल्याच टप्प्याला 3 मिनिटं द्या.

याला जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची 'आध्यात्मिक साधना' म्हणू नका. पोप पॉल तिसरे यांनी 1548 साली मान्य केलेली ती साधना साधारण 30 दिवसांची. कामधंद्यातल्या माणसाला घरी राहून ती करायची वाट त्या साधनेच्या पुस्तकातल्या 19व्या सूचनेत दिली आहे, तिथेही रोज दीड तास सांगितलाय आणि सोबत मार्गदर्शक लागतो. तुमचा गट 18व्या सूचनेच्या जवळचा, हलक्या सरावांचा. तसं आमंत्रणातच लिहा.

उतारे छोटे घ्या. माझा क्रम: स्तोत्र 139, मार्क 10:46–52, लूक 10:38–42, लूक 15:11–32, मार्क 4:35–41, योहान 13:1–15, ईस्टरनंतर लूक 24:13–35 आणि योहान 21:1–14. एक उतारा पूर्ण आठवडा. रोज नवा दिला की तो वाचून संपवायचा धडा होतो.

निपाणी_नाका
उताऱ्याचा कागद सगळ्यांना एकच. प्रत्येकाने आपापलं बायबल आणलं की पहिली दहा मिनिटं कुठला अनुवाद बरा यावरच जातात. ए-फोरवर एका बाजूला मराठी उतारा, 14च्या टाइपात. मागची बाजू कोरी, टिपणासाठी. बोलताना मात्र कोंकणी, मराठी, इंग्रजी जे तोंडी येईल ते. प्रार्थनेला भाषा ठरवून दिली तर माणूस भाषांतर करत बसतो.

मेथडिस्ट आहेत म्हणून उतारे शुभवर्तमानं आणि स्तोत्रांतलेच ठेवा, वरचा क्रम त्यात बसतो. मरियेला उद्देशून केलेली प्रार्थना ज्याने त्याने घरी करावी, गटात सक्तीची नको.

पुण्याच्यांना खोलीतल्या गटात जोडू नका. खोलीतलं मौन स्क्रीनवर "नेटवर्क गेलं काय ओ?" असं वाटतं. तिघांचा वेगळा ऑनलाइन गट करा, तासाभराचा. तिघांपैकी एक सुटला तर मात्र बैठक पुढे ढकला, दोघांत नुसत्या गप्पा होतात.

माजी_बॅच_बेळगाव
पटलं, दोन गट करतो. बोलताना कुणी रडायला लागलं तर?

उद्यमबाग_कोपरा
थांबायचं. एक मिनिट शांतता, मग "पुढे बोलायचंय की इथेच थांबूया?" एवढंच विचारायचं. पाठ थोपटणं, वचन सुनावणं नको. बैठकीनंतर समन्वयकाने एकट्याने भेटावं आणि गरज दिसली तर फादर किंवा समुपदेशक सुचवावा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी मोफत नंबर कागदाच्या तळाशी छापून ठेवा, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

गटात बोललेलं बाहेर नाही, हे पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त वेळ आणि जागा कळवायला.

निपाणी_नाका
आणि चहा शेवटी. आधी दिलात तर 8 मिनिटांची 25 होतात.