मदत हवी आहे: फुएर्तेस–सटन पत्रव्यवहाराची दुसरी बाजू

पक्षिचित्रकार लुई अगासी फुएर्तेस (1874–1927) यांनी तरुण जॉर्ज मिक्श सटनला लिहिलेली पत्रं 1979 साली पुस्तकरूपाने आली. ती मी दोनदा वाचली. इतका नावाजलेला माणूस एका शिकाऊ मुलाची चित्रं इतक्या आस्थेने पाहतो, हे वाचून भारावून गेले. पण सटनने काय विचारलं होतं, तेही मला वाचायचंय. मी स्वतः धीवर पक्षी (खंड्या) रंगवतेय. डोळ्याभोवतीची बारीक पिसं दर वेळी सुटी ठिपक्यांसारखी दिसतात. अशाच अडचणी त्याने कशा मांडल्या असतील?

पुण्यातल्या दोन ग्रंथालयांत विचारलं, काही मिळालं नाही. फुएर्तेस यांची कागदपत्रं इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात आहेत, एवढं माहीत आहे. अमेरिकेला जाणं शक्य नाही. छापायचं काही नाही, फक्त अभ्यासासाठी हवंय. 1915 ते 1917 एवढीच वर्षं आणि स्कॅनही चालतील. हस्ताक्षर वाचायची तयारी आहे.

कॉर्नेलकडून कोणी भारतात बसून जुन्या पत्रांचे स्कॅन मागवलेत का? विनंतीत नेमकं काय लिहावं लागतं, आणि पैसे कसे भरलेत?