मदत हवी आहे : डिझाइन थिंकिंगचा पाकिटाचा सराव, जोडीदार बोलतच नाही!

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमला डिझाइन थिंकिंगची (म्हणजे वापरणाऱ्याची गरज आधी समजून घेऊन मग त्यावर उपाय घडवायच्या पद्धतीची) ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. व्याख्यान झोडण्यापेक्षा करून बघू म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलचा (तिथली डिझाइन शिकवणारी संस्था) पैशांच्या पाकिटाचा सराव घ्यायचं ठरवलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोघादोघांच्या जोड्या. आधी प्रत्येकाने आपल्या मनातलं आदर्श पाकीट कागदावर काढायचं. मग ते बाजूला सारून एकमेकांची मुलाखत, प्रत्येकी 4 मिनिटं, आणि नंतर 3-3 मिनिटं आणखी खोलात. त्यावरून जोडीदाराची गरज एका वाक्यात लिहायची, निदान 5 कल्पना रेखाटून त्याला दाखवायच्या, आणि शेवटी कागद, चिकटपट्टी, फॉइल, जे हाताशी असेल त्यातून 7 मिनिटांत नमुना करून त्याच्या हातात द्यायचा.

सहकाऱ्यांबरोबर रंगीत तालीम केली. गाडी मुलाखतीतच अडली:

"पाकिटाचा काही त्रास होतो?"
"नाही, ठीक आहे."
"काही बदलावंसं वाटतं?"
"जरा पातळ असतं तर बरं."

संपलं. मग दोघं घड्याळाकडे बघत बसले. गरजेचं वाक्य काय आलं, तर 'त्याला पातळ पाकीट हवंय'. पुढच्या पाचही कल्पना म्हणजे पाच पातळ पाकिटं! खोलात जायचं म्हणजे नेमकं विचारायचं काय? आणि मंडळी विषम संख्येत आली तर?

– धांदरट

खटपट्या:
'त्रास काय' हा प्रश्नच काढून टाका. रोजच्या वस्तूचा त्रास माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो, विचारून सापडत नाही. त्यापेक्षा पाकीट टेबलावर रिकामं करायला सांगा (जे दाखवायचं नाही ते आतच राहू दे) आणि एकेक वस्तू उचलून विचारा, ही इथे कशी आली?

मी घेतलेल्या एका सत्रात एकाच्या पाकिटातून पावत्यांची गड्डी निघाली. बहुतेकींची शाई पार उडालेली, नुसते पांढरे कागद. जोडीदारीण म्हणाली, "यावर तर काहीच दिसत नाही." तो म्हणाला, "माहितीये. पण टाकल्या आणि कुणी हिशेब मागितला तर?" कोण मागणार, असं तिने विचारलं तेव्हा कळलं की घरातल्या सगळ्यांचे पैसे तोच सांभाळतो आणि एकदा त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. आता सांगा, याला पातळ पाकीट देऊन काय उपयोग? तिने शेवटी जे बनवलं ते पाकीट नव्हतंच, खर्च झाला त्या क्षणीच घरच्यांना दिसेल अशी सोय होती.

रेघोटी:
खटपट्यांशी सहमत. गरज लिहिताना वस्तू नको, क्रियापद हवं. 'अमक्याला अमुक करता यायला हवं, कारण...' या साच्यात लिहायला लावा. 'कारण'च्या पुढे काही सुचत नसेल तर मुलाखत अपुरी आहे, खुशाल परत पाठवा.

आणि एक, आदर्श पाकीट काढायची पहिली पायरी वेळ वाचवायला गाळू नका. समोरच्याला एक शब्द न विचारता काढलेलं ते चित्र आणि शेवटचा नमुना शेजारी ठेवले की डिझाइन थिंकिंग वेगळं सांगावं लागत नाही.

तिरकस:
खोलात जायचं म्हणून पाच वेळा 'का?' विचारायला मात्र शिकवू नका. ती टोयोटाच्या कारखान्यात रुजलेली पद्धत, बिघाडाचं मूळ शोधायला उत्तम. यंत्राला राग येत नाही. माणसाला तिसऱ्या 'का?'ला पोलीस चौकीत बसल्यासारखं होतं आणि तो मनाचं काहीतरी ठोकून देतो. 'मागच्या वेळी काय झालं होतं ते सांगा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणंच लोकांना जमत नाही.

शिवाय आता पाकीट वापरतं कोण? डी-स्कूलनेच याच सरावाचं 'भेटवस्तू देण्याचा अनुभव' असं दुसरं रूप केलंय, ते घ्या.

खटपट्या:
@तिरकस, भेटवस्तूचा विषय भारी आहे, पण नवख्यांनी नंतर घ्यावा. तिथे सगळं आठवणीवर चालतं. पाकीट कसं, समोर असतं. एखाद्याकडे नसेल तर फोनचं कव्हर चालेल, त्यातही लोक काय काय कोंबतात!

विषम संख्या असेल तर तिघांची साखळी करा. पहिला दुसऱ्याला विचारेल, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. त्यांना थोडा जास्त वेळ लागेल. तुम्ही स्वतः जोडीदार होऊ नका, घड्याळ कोण बघणार?

धांदरट:
सर्वांचे आभार! पाकीट रिकामं करायची युक्ती आजच करून बघते. एक शेवटचं: नमुना दाखवताना आमचा एकजण इतका वेळ समजावत बसला की जोडीदाराला बोलायलाच मिळालं नाही. यावर काय करायचं?

रेघोटी:
नियमच करा, नमुना हातात द्यायचा आणि तोंड बंद. जोडीदार तो उलटा धरेल, भलत्याच जागी पैसे घालेल, ते लिहून घ्यायचं. कागदाचे चार भाग करा: काय जमलं, काय सुधारता येईल, कोणते प्रश्न पडले, काय नवीन सुचलं. बनवणाऱ्याने बचाव करायचा नाही, फक्त चौकोन भरायचे. पेन हातात असलं की बोलणं आपोआप कमी होतं.