मदत हवी आहे: डेन्मार्कमधल्या 'नील्सेन' घराण्याची वंशावळ 1834 च्या मागे कशी नेऊ?

नमस्कार मंडळी,

माझं सासर डेन्मार्कचं, आडनाव नील्सेन. मुलीसाठी वंशावळ करायला घेतली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे नील्सेनच सापडले. त्यामागे मात्र आडनाव दर पिढीला बदलतं. येन्सचा मुलगा नील्स असेल तर तो नील्स येन्सेन, त्याचे मुलगे नील्सेन आणि मुली नील्सडाटर. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि मागे आडनाव असतं. तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे वडिलांच्या नावापुढे काही नव्हतंच.

सरदारांना राजाने 1526 मध्येच कायमची आडनावं घ्यायला लावली होती. सामान्यांसाठी हुकूम निघाला 1828 मध्ये: बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाचं आडनावही नोंदवायचं. पण पाद्र्यांनी त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला. कुणी बापाचंच येन्सेन पुढे चालवलं, कुणी जुन्या रीतीने नील्सेन लिहिलं. ती मोकळीक 1856 मध्ये संपली आणि तेव्हा जे होतं ते गोठलं. मुलांना ठेवायची नावं मोजकीच असल्यामुळे आज देशभर नील्सेन, येन्सेन, हान्सेन भरलेत. नील्सेन म्हणजे एकच घराणं असं आमच्या घरी अजून काहीजण मानतात, ते चूक आहे.

माझी अडचण अशी: 1834 च्या जनगणनेत आमचा नील्स येन्सेन सापडला. नाव, वय, धंदा, बायको-मुलं, एवढंच. त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्याच वयाचे, त्याच नावाचे आणखीही आहेत. यातला आमचा कोणता आणि त्याचा बाप येन्स कुणाचा मुलगा, हे कसं शोधू? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद
ताई, 1834 वर अडून राहू नका. तो हयात असेल तर 1845 ची जनगणना बघा, तिच्यात जन्माचं पॅरिश पहिल्यांदा लिहिलं गेलं. तिथून त्या पॅरिशचं चर्चबुक, म्हणजे चर्चची बाप्तिस्मा-मृत्यूची नोंदवही, उघडा. डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराने ती चर्चबुकं फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावं असतात, ती सोडू नका. काका-मामा बहुधा त्यातच असतात आणि एका नावाची दोन माणसं त्यावरूनच वेगळी करता येतात.

दुसरं म्हणजे लष्करभरतीच्या याद्या, लेग्सरूला. 1788 पासून शेतकऱ्यांच्या मुलांची नावं त्यात लहानपणापासूनच चढवत, तीही बापाच्या नावाखाली. तुम्हाला नेमका बापच हवा आहे.

लिपी गॉथिक असेल. आधी त्याच पाद्र्याच्या हातचे महिने आणि ओळखीची नावं वाचा, मग अक्षर लागतं.

धागाकर्ती
मनापासून आभार! 1845 मध्ये तो नाही, पण त्याची बायको आहे, विधवा म्हणून. म्हणजे या अकरा वर्षांतली मृत्यूची नोंद आधी शोधते. त्यात जन्मगाव किंवा आईवडील लिहिलेले असण्याची कितपत शक्यता असते?