पायथागोरसच्या प्रमेयाची प्रतिकृती: पाणी की मोहरी?

प्रश्न (नाशिकरोड): सातवीच्या मुलांसाठी ६, ८ आणि १० सेंमी बाजूंचे अ‍ॅक्रिलिकचे डबे काटकोन त्रिकोणाभोवती जोडले, मात्र पाणी भरताच सांधे गळू लागले. काय करावे?

उत्तर (पंचवटी): मोहरी वापरावी. डब्यांची खोली समान हवी आणि मापे आतूनच घ्यावीत. आम्ही भिंतींची जाडी विसरलो, त्यामुळे मोठ्या डब्यातली मोहरी दोन्ही लहानांत ओतल्यावर चमचाभर उरली आणि मुले प्रमेयालाच हसली.

उत्तर (सिडको): मला ओतण्यापेक्षा सरकवणे पटते. १४ सेंमीच्या चौकटीत पुठ्ठ्याचे तसलेच चार त्रिकोण कोपऱ्यांत ठेवल्यास मध्ये १० सेंमीचा तिरका चौरस उरतो. जोड्या करून दोन आयत मांडल्यास ६ आणि ८ सेंमीचे चौरस रिकामे राहतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पुठ्ठा आजच कापतो. मोहरी मात्र स्वयंपाकघरातून मागावी लागेल.