शब्दचर्चा: दिवसा उडणाऱ्या पतंगाला काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. आमच्या कुंपणाला घाणेरी माजलीय, तिच्यावर सकाळी नऊ-दहाच्या उन्हात एक पाखरू येतं, फुलावर बसत नाही, हवेतच एका जागी थांबून लांब सोंड आत घालतं आणि लगेच पुढच्या फुलाकडे, पंख इतके भरभर हलतात की दिसतच नाहीत, नुसती गुणगुण ऐकू येते. भाची ओरडली, मामा हमिंगबर्ड! जवळून बघितलं तर डोक्यावर दोन मिशा, पंख काचेसारखे आरपार, अंग पिवळट हिरवं, पोटावर लालसर पट्टा, शेवटी काळा झुपका. हमिंगबर्ड नाहीच तो, ते पक्षी फक्त अमेरिका खंडांत असतात. हा हॉक मॉथ आहे, म्हणजे पतंगांचाच एक प्रकार, शास्त्रीय नाव सेफोनोड्स हायलास. आता तिला मराठीत काय सांगू? पतंग म्हटलं की तिला संक्रांत आठवते आणि मोठ्यांना दिव्यावर झेपावणारा किडा, आणि हा तर भर उन्हात फिरतो. 'हमिंगबर्डची नक्कल करणारा पतंग' असं वाचलंय पण ते नाव नाही, वर्णन झालं.

---

ते वर्णन पण चुकीचं आहे हो. नक्कल कुणाची करायची तर ज्याला बघून शत्रू मागे हटेल त्याची ना? हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीच, युरोपातही नाही, आणि तिकडे ह्याचाच भाऊबंद मॅक्रोग्लॉसम स्टेलॅटॅरम अगदी हमिंगबर्डसारखा दिसतो. म्हणजे जो पक्षी तिथल्या कुणी कधी बघितलाच नाही त्याचं सोंग घेऊन फसणार कोण? दोघांचं काम एक, हवेत थांबून खोल फुलातला मध ओढायचा, म्हणून दोघं सारखे झाले, त्याला साम्य म्हणा. तुमच्याकडच्या हायलासची गोष्ट वेगळी. कोषातून निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्या उड्डाणातच ते झडतात आणि पंख पारदर्शक होतात, मग तो थेट मोठ्या मधमाशीसारखा किंवा भुंग्यासारखा दिसतो. नांगीचा अनुभव घेतलेला पक्षी अशाला तोंड लावायला कचरतो (वेडा राघू सोडून, त्याचं जेवणच मधमाश्या). तरी 'नक्कल करतो' मला पटत नाही, नक्कल करायला आधी समोरच्याला बघावं लागतं, हा जन्मतःच तसा आहे. 'भुंग्याच्या रूपाचा' म्हटलं तर बरोबर बसतं.

---

पतंग शब्द टाकू नका अशी मनापासून विनंती. दिव्याशी नातं जुनं आहे खरं, गीतेत अकराव्या अध्यायातल्या 29व्या श्लोकातले पतंग पेटत्या आगीतच शिरतात, पण संस्कृतात पतंग म्हणजे उडणारा कीटक, पक्षी, आणि चक्क सूर्य सुद्धा. म्हणजे शब्दाला उन्हाचं वावडं नाही, ते आपण चिकटवलंय. मला वाईट वाटतं ते वेगळ्याचंच, फुलपाखरांना आपण किती छान नावं दिली, राज्य फुलपाखराला राणी पाकोळी म्हणतो, आणि पतंगांच्या वाट्याला एकच सरसकट शब्द.

अजून एक, अनंताचं झाड असेल तर पानं उलटून बघा. ह्याची पिल्लं त्याच्यावर वाढतात, हिरवीगार, शेपटीवर शिंग असलेली. कॉफीवर पण येतात, अनंत आणि कॉफी एकाच कुळातले. त्यांना सुरवंट म्हणू नका, सुरवंट केसाळ, अंगाला खाज आणणारा, ही गुळगुळीत असते, अळीच म्हणा. आणि दिसल्या की लगेच फवारा मारू नका, पाच-सहा पानं गेली तर अनंत मरत नाही.

---

बघितलं! अनंताच्या खालच्या फांदीवर दोन अळ्या आहेत, शिंग अगदी स्पष्ट, आणि मी आठवडाभर खाल्लेल्या पानांसाठी नाकतोड्याला दोष देत होतो. भाचीला 'भुंगापतंग' सांगितलं, तिने एका फटक्यात उचललं आणि अळीला 'शिंगवाली' असं स्वतःच नाव ठेवलं. तुमच्या गावाकडे ह्या शिंगवाल्या अळीला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी काही शब्द आहे का? असेल तर बोलतात तसाच लिहा, शुद्ध करू नका.